लखोट्यातला पूल

हे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. पत्नीला नाही, भावाला नाही, देवालाही नाही. देवापुढे बसलो की मी स्तोत्र मोठ्याने म्हणतो, म्हणजे मध्ये बोलायला जागाच उरत नाही. तुम्ही कोण, हे मला ठाऊक नाही. ठाऊक नाही म्हणूनच हात चालतो आहे. तरी दाराला कडी घातली आहे — दिवसाढवळ्या, स्वतःच्या घरात. कोण येणार आहे आता? ते सरकार गेले, ते पोलीस ठाण्याचे अमीन गेले. तरी रस्त्यात बुटांचा आवाज झाला की माझी लेखणी थांबते. आत्तासुद्धा थांबली होती.

मी धंद्याने अर्जनवीस. तहसील कचेरीच्या आवारात, लिंबाखाली, सतरंजी आणि उतरते मेज मांडून मी बावीस वर्षे लोकांच्या फिर्यादी, तक्रारी आणि विनंत्या लिहिल्या. शाळा चार इयत्तांची. परंतु माझ्या उर्दू मसुद्यातला शब्द बदलण्याची हिंमत कचेरीतले पेशकारही करीत नसत. लोक मला मुन्शीजी म्हणत. शिवाय माझी आणखी एक ख्याती होती — तालुक्यात लिहिता येणाऱ्या प्रत्येक माणसाचे अक्षर मी ओळखतो, अशी. खोट्या सहीचा वाद उभा राहिला की मुन्सफ मला आत बोलावीत. एरवी मी बाहेर. बावीस वर्षे लिंबाखाली. आत बोलावणे येण्याची वाट पाहण्यात माणसाचे काय होते, ते मी सांगत बसत नाही. परंतु पुढचे सगळे तिथूनच निघाले आहे.

गाव परभणी जिल्ह्यातले, स्टेशनाचे. नाव लिहीत नाही.

स्टेशन रस्त्यावर मल्लिकार्जुनआप्पांचे घड्याळदुरुस्तीचे दुकान होते. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, डोळ्याला भिंग, आणि बोटे अशी की केसाएवढा स्क्रू चिमट्याने उचलून पहिल्या खेपेस छिद्रात बसवीत. या आप्पांनी बंद पडलेल्या जिनिंगच्या वखारीत एक खेळातली रेल्वे उभी केली. चौदा हात लांब टेबल. कापसाच्या गाठींना आवळायच्या लोखंडी पट्ट्या वखारीमागे गंजत पडल्या होत्या, त्या कापून रूळ केले. भिंतीवरच्या जुन्या घड्याळांच्या कमानी घालून सहा इंजिने केली. बिस्किटांच्या डब्यांचे डबे. गोदावरी म्हणून निळे रंगवलेले लुगडे अंथरले, आणि त्यावर छत्रीच्या काड्यांचा पूल. तो पूल पाहायला बायाबापड्याही येत.

गाड्या नुसत्या गरगर फिरवल्या असत्या तर ते पोरखेळच झाले असते. परंतु रेल्वेतून निवृत्त झालेले एक गार्ड होते, करीमचाचा. त्यांनी शिस्त शिकवली. एकेरी रूळ. पुढच्या स्टेशनाने घंटा वाजवून परवानगी दिल्याशिवाय, आणि परवान्याची खूण म्हणून हातात लाकडी गोळा पडल्याशिवाय, गाडी सोडायची नाही. आप्पांनी एक घड्याळ असे बसवले की दहा मिनिटांत त्याचा एक तास व्हावा. त्या घड्याळावर, दर जुम्म्याच्या, म्हणजे शुक्रवारच्या, सुट्टीला सकाळी, आम्ही पाच-सहा जण पूर्ण दिवसाचे वेळापत्रक चालवीत असू. आप्पा एका स्टेशनावर, चाचा दुसऱ्यावर, बाकीचे मालगाड्यांवर. आणि मी? मी कंट्रोल. मी उंच स्टुलावर बसे. कोणती गाडी थांबेल, कोणती सुटेल, हे मी सांगत असे, आणि सगळे ऐकत. चाचा मला कंट्रोलसाब म्हणत, आणि मधूनच विचारीत, कंट्रोलसाब, हुकूम हो तो पान थुंक के आऊँ? सगळे हसत. मीही हसत असे. पण खरे सांगू? मला ते साब गोड लागत असे.

हुकूमनामा लिहिणे माझे काम. त्या दिवशीच्या गाड्या, त्यांच्या वेळा, कुठे कोणता माल उतरायचा, हे सगळे त्यात. शिवाय एक बंद लखोटा. त्यात मी एखादे संकट लिहून ठेवीत असे — इंजिन नादुरुस्त, बैल रुळावर, असले काही. ठरलेल्या वेळी लखोटा फोडायचा, संकट वाचायचे, आणि मग स्टेशनांनी आपापल्या अकलेने गाड्या सावरायच्या. ही युक्ती माझी. लाख लावून मी त्यावर ठसा उमटवीत असे. कचेरीत मी उर्दू लिहीत असे. हे कागद मात्र मंडळींना वाचता यावेत म्हणून बाळबोध मराठीत. माझे मराठी अक्षर त्या वखारीबाहेर कोणी पाहिलेले नव्हते. ही गोष्ट ध्यानात ठेवा. मीही ती पुढे फार चटकन ध्यानात आणली.

टेबलावरच्या स्टेशनांना आप्पा गमतीची नावे देणार होते. मी अडवले. म्हटले, कागदाला वजन पाहिजे. नावे खरी घाला. म्हणून एक स्टेशन परभणी झाले, एक गंगाखेड, आणि छत्रीच्या काड्यांचा पूल गंगाखेडचा पूल झाला. आप्पा एकदा भीतभीत म्हणाले होते, "मुन्शीजी, वर खेळ म्हणून लिवा की. लय खरं वाटायलंय वाचताना." मी लिहिले नाही. हुकूमनाम्याच्या माथ्यावर खेळ हा शब्द? माझ्या हाताने? नाही लिहिले.

आता त्या शेवटच्या उन्हाळ्याकडे यायला हवे. मी टाळतो आहे, हे तुमच्या लक्षात आलेच असेल.

निजामी राजवटीचे ते शेवटचे वर्ष. सरहद्दीवरच्या छावण्यांतून राजवटीविरुद्ध लढणारे लोक येत, तारा तोडीत, रूळ उखडीत. इकडे त्याचा सूड कोणावर निघेल याचा नेम नसे. बाजारात माणसे हळू बोलत. ताडकळसचा बाजार करून येणारे लोक अंधार पडायच्या आत घर गाठीत. स्टेशनावरून फौजेच्या गाड्या जात, आणि त्या जाताना आम्ही दुकानांच्या फळ्यांआड उभे राहून डबे मोजीत नसू — मोजताना कोणी पाहिले तर? असे दिवस. आणि अशा दिवसांत मी एका जुम्म्यासाठी लखोट्यात काय लिहिले असेल?

शब्दन् शब्द आठवतो. "साडेनऊ वाजता गंगाखेडचा पूल तुटेल. फौजेची खास गाडी पुलाच्या अलीकडे रोखली जाईल. तार बंद राहील. हा हुकूम वेळेपूर्वी कोणी फोडू नये."

का लिहिले? संकट मोठे हवे होते म्हणून. दुसरे कारण नाही. बैल रुळावर आणून आणून मला कंटाळा आला होता.

त्या दिवशी खेळ उत्तम झाला, हे सांगताना लाज वाटते. लखोटा फुटला, चाचांनी वाचला, आणि त्यांचा चेहरा उतरला. तरी त्यांनी घंटा वाजवून गाडी अडवली. आप्पांनी पुलावर लाल फडके टाकले, मालगाडी मागे घेतली, आणि फौजेच्या गाडीला अशा सफाईने बाजूच्या रुळावर घातले की मी स्टुलावरून उतरून त्यांची पाठ थोपटली. खेळ संपल्यावर चाचा माझ्याजवळ आले. हळू म्हणाले, "मुन्शीजी, कागज पे पुल नक्को तोडो. दिन अच्छे नईं. ये फाड देव." मी म्हटले, चाचा, तुम्ही गार्ड होता, भित्रे कसे झालात?

कागद मी फाडला नाही. आप्पांनी तो नेला. माझे सगळे हुकूमनामे ते दुकानाच्या खणात फडक्यात बांधून ठेवीत. लय झ्याक अक्षर हाय, म्हणत.

दहा-बारा दिवसांनी कुठेतरी रुळाच्या कडेची तार तुटली, आणि स्टेशन रस्त्यावरच्या दुकानांची झडती झाली. आप्पांच्या खणातून ते गाठोडे निघाले. आप्पांना नेले. मी हे लिंबाखाली बसून ऐकले, आणि समोरच्या माणसाचा अर्ज पुढे लिहीत राहिलो. तारीख दोनदा चुकली. मग तिसऱ्या दिवशी ठाण्याचा एक जवान आला. अमीनसाहेबांनी बोलावले आहे.

तुम्ही कधी भ्याला आहात का — खरे? पोटात गोळा, तोंडाला कोरड, हे पुस्तकातले. माझे असे झाले की मला माझे पाय दिसत होते, चालत होते, परंतु ते माझे नव्हते. आणि अंगठ्याला शाई होती. मी शाई घरी करीत असे, तांबूस छटेची. तीच शाई त्या कागदावर होती. ठाण्याच्या पायऱ्या चढेपर्यंत मी अंगठा धोतराला घासत होतो. निघेना. मग मूठ मिटली.

अमीनसाहेबांना मराठी वाचता येत नव्हते. माझा लखोट्यातला कागद त्यांच्यासमोर. त्यांनी मला खुर्ची दिली. ठाण्यात, आत, खुर्ची. माझ्यावर संशय नव्हता हो! उर्दूत तर्जुमा करायला बोलावले होते. आप्पा आतल्या खोलीत होते; दार अर्धे उघडे; त्यांचा एक पाय दिसत होता, अनवाणी. चप्पल कुठे गेली असेल, असा विचार आला.

मी तर्जुमा केला. अचूक केला. तर्जुमा ऐकून अमीनसाहेबांनी आतल्या दाराकडे पाहिले. मग सांगू लागले, घड्याळवाला म्हणतो, हा खेळ आहे; कागद कोणी लिहिला ते मात्र सांगत नाही. दोन दिवस विचारतो आहोत. मग ते माझ्याकडे वळले.

"मुन्शीजी, आप सब का हात पहचानते. ये किस का हात है?"

आप्पा सांगत नव्हते. दोन दिवस सांगत नव्हते. मला फक्त एक शब्द उच्चारायचा होता — माझा. मग वखारीत चला म्हणायचे, टेबल दाखवायचे, छत्रीच्या काड्या दाखवायच्या. कदाचित हसले असते. कदाचित मला आत टाकले असते. कदाचित दोन्ही. कोणाला ठाऊक? मी कागद उजेडाकडे धरला. अक्षर तपासल्यासारखे केले — स्वतःचे अक्षर. वळण पाहिले, मात्रा पाहिल्या. डाव्या हाताने धरला होता. उजवी मूठ मांडीखाली.

मी म्हटले, घड्याळवाल्याचेच दिसते.

आणि असला काही खेळ गावात चालतो, हे मला माहीत नाही, असेही म्हटले. त्यांनी विचारले नव्हते. मी आपण होऊन म्हटले.

बयान लिहून द्या म्हणाले. मी लिहून दिले. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत बांधेसूद मसुदा असावा. एक शब्द कमी नाही, एक शब्द जास्त नाही. खाली सही.

इथे थांबावे, असे अनेकदा वाटले. मनातल्या मनात हा कबुलीजबाब मी पुष्कळदा इथवरच आणला आहे, आणि इथवर आल्यावर जरा हलकेही वाटले आहे: माणूस भ्याला, खोटे बोलला. अशी माणसे त्या वर्षी किती होती! परंतु हे एवढेच नव्हते.

ठाण्यातून मी घरी गेलो नाही. वखारीत गेलो. दुपार होती, रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. वखारीची एक किल्ली आप्पांकडे, दुसरी माझ्याकडे — कंट्रोल होतो ना. दार आतून लावले. टेबल जसेच्या तसे होते. एक मालगाडी गंगाखेडला उभी होती. आणि मला कळले की गावातली माणसे भीतीने तोंड उघडणार नाहीत; हे टेबल म्हणजे माझ्या बयानाविरुद्ध एकच एक साक्षीदार आहे. चौदा हात लांब साक्षीदार. कोणी नुसता डोकावला तरी आप्पा सुटले, आणि मी आत गेलो.

ठाण्यातले उत्तर एका श्वासात दिले होते. इथे मला तीन तास लागले. तीन तासांत माणूस थांबू शकतो की नाही? पट्ट्या उपसल्या आणि मागच्या गंजक्या ढिगात मिसळल्या. त्या तिथल्याच होत्या, कोणाला कळणार? फळ्या फोडून सरपणात रचल्या. काड्यांचा पूल मुठीत चुरगळला. लुगडे, डबे, घंटा, सहा इंजिने पोत्यात. एक इंजिन हातातून निसटले, उलटे पडले, आणि त्याची कमान सुटून चाके गरगरू लागली — त्या रिकाम्या वखारीत केवढा तो आवाज! मी त्याच्यावर पालथा पडलो, पोटाने दाबून धरले, ते निपचित होईपर्यंत. मग पोते जिनिंगच्या विहिरीत. मग झाडू मारला. टेबलाच्या पायांच्या खुणासुद्धा झाडल्या.

दुसऱ्या दिवशी करीमचाचा आपल्या पायांनी ठाण्यात गेले. खेळ आहे, मी स्वतः खेळतो, येऊन पाहा, म्हणाले. म्हातारा माणूस, त्यांना कोणी बोलावलेसुद्धा नव्हते. कागद कोणाचा, तेवढे त्यांनीही सांगितले नाही. आप्पांनी झाकलेले नाव आपण कसे उघडावे, असे त्यांना वाटले असावे. अमीनसाहेबांनी खरोखरच दोन जवान बरोबर दिले. आप्पांच्या सुटकेची ती एवढी एक वेळ आली होती. वखार उघडली. आत काही नव्हते.

जवानांनी चाचांना वाटेत काय काय ऐकवले, ते मी लिहीत नाही. मुन्शीजींचे लेखी बयान एकीकडे, आणि बुढ्ढ्या गार्डाची तोंडी बडबड एकीकडे. आप्पांना जिल्ह्याच्या तुरुंगात पाठवले.

आप्पांची पत्नी शांताबाई माझ्याकडेच आल्या. दुसरे कोणाकडे जाणार? सुटकेचा अर्ज लिहायचा तर मुन्शीजी. त्या सतरंजीच्या कडेला बसल्या, सांगत राहिल्या, आणि मी लिहीत राहिलो. चाचा शेजारी उभे होते. ते शांताबाईंना म्हणाले, टेबल ठाणेवाल्यांनीच रातोरात उचलले असणार, पुरावा राहू नये म्हणून. मग माझ्याकडे पाहिले, क्यूँ मुन्शीजी? मी मान हलवली. अर्ज चांगला झाला. शांताबाई माझ्या पाया पडून गेल्या. अर्जाचे उत्तर आले नाही. चाचा त्यानंतर लेकीकडे हैदराबादला गेले, ते परतले नाहीत.

मग ते सरकार गेले. तुरुंग उघडले. आप्पा आले. स्टेशनावर लोकांनी हार घातले, पूल उडवायला निघालेला बहाद्दर म्हणून. आप्पा सांगत होते, "न्हाई वो, आमी खेळत व्हतो." लोक त्याला विनय समजले. उजव्या हाताची तीन बोटे सरळ होत नव्हती. चिमटा धरता येत नव्हता. दुकान पुढे त्यांच्या मेव्हण्याने चालवले. आप्पा बाहेर बाकावर बसत.

तीन दिवस मी त्या रस्त्याने गेलो नाही. चौथ्या दिवशी त्यांनीच बोलावून घेतले. चहा मागवला. डाव्या हाताने कप धरला. मी वाट पाहत होतो. ते म्हणाले,

"तुमचं बयान मला वाचून दावलं त्यांनी. भ्याला व्हता तुमी. मी बी भ्यालो, मुन्शीजी. माझं काई मनात न्हाई."

बोलता आले असते तर तेव्हाच. रस्त्यावर उजेड होता, मेव्हणा आत ठोकठोक करीत होता, समोरून शाळेची पोरे चालली होती. अमीन नव्हते, जवान नव्हते, मला धरून नेणारे उभ्या जगात कोणी नव्हते. तरी अंगठा आपोआप मुठीत गेला. कशाला भ्यालो होतो मी तेव्हा? त्या एका माणसाच्या चेहऱ्याला. त्यावर जो विश्वास होता तो जाताना बघावा लागेल, याला.

आप्पा रस्त्याकडे पाहत बोलले, "एकच पुसायचंय. टेबल कोणी मोडलं वो? सहा वर्षं लागली मला. आतमदी रोज डोळ्यापुढं यायचं. घरची सांगती, चाचा म्हणत व्हता, ठाणेवाल्यांनी. तुमी इथंच व्हता. खरं हाय का?"

मी म्हणालो, "हो. ठाणेवाल्यांनीच."

"तुमच्या देखत?"

"माझ्या देखत."

आप्पांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "मंग तुमी तरी काय करणार व्हता." आणि त्या न वळणाऱ्या बोटांनी माझ्या हातावर थोपटले. पुढे सात वर्षे ते जगले. दर जुम्म्याला — सुट्टी आता रविवारची झाली होती, तरी जुम्म्यालाच — मी त्यांच्या बाकावर जाऊन बसत असे. त्यांनी पुन्हा विचारले नाही. मी सांगितले नाही. मागल्या महिन्यात ते वारले. मुन्शीजींसारखा जिवाचा माणूस नाही, असे शांताबाई आलेल्या-गेलेल्यांना सांगत होत्या, आणि मी तिथे बसून ते ऐकत होतो.

ठाण्याचा एकही माणूस त्या दिवशी वखारीकडे फिरकला नव्हता. टेबल मी मोडले.